पाठीचं पाणी काढायचं का? आधी आजोबांबद्दल बोलू

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतेय:

"काकू नमस्कार, तुमचं सदर आई वाचते, तिला न सांगता लिहितेय. मी २९ वर्षांची, आम्ही सुदामा नगरला राहतो. बाबा ६१, बँकेतून रिटायर. मागच्या पावसाळ्यात उजव्या हाताने स्कूटरची किल्ली फिरेना, शर्टाची बटणं लागेनात. हाडाच्या डॉक्टरांनी मानेचा स्पॉन्डिलोसिस सांगितला, पट्टा, शेक, ट्रॅक्शन यातच ४ महिने गेले. मग दंड आपोआप फडफडायला लागला, अंगठ्याजवळचा हात सपाट झाला, आता डाव्या पायातून चप्पल निसटते. न्यूरोच्या डॉक्टरांनी एमआरआय, ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नसांच्या विजेच्या टेस्ट), रक्ताच्या ढीगभर टेस्ट करून मोटर न्यूरॉन डिसीज सांगितलं, त्यातलं एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात तो आजार. त्यावरची रिलुझोल गोळी सुरू आहे. आतेभाऊ बॉस्टनला असतो, तो रोज रात्री फोन करतो की पाठीच्या पाण्यातलं न्यूरोफिलामेंट तपासल्याशिवाय काही खरं मानू नका, इथले डॉक्टर अंदाजाने बोलतायत. आई म्हणते पाठीत सुई घातली की माणूस कायमचा बसतो, तिच्या माहेरी कुणाचं तरी झालं होतं. मधल्या काकांनी स्टेम सेलवाल्यांचा नंबर आणलाय. बाबांना मागच्या दिवाळीत स्टेंट टाकलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शुगर नाही. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, पण म्हणे हात-पाय वाळत वाळतच गेले पन्नाशीत, ग्वाल्हेरला, तेव्हा लकवा म्हणाले होते. टेस्ट करावी का नाही एवढंच सांगा. आणि रविवारचे पोहे-जिलेबी बाबांना लागतातच पण हल्ली ठसका लागतो, बंद करू का?"

अगं, पहिलं उत्तर लगेच देऊन टाकते म्हणजे आज रात्रीच्या फोनआधी तुझ्या हातात काहीतरी असेल. फक्त न्यूरोफिलामेंटसाठी बाबांच्या पाठीचं पाणी काढायची घाई करू नका. आई म्हणते त्या कारणाने नाही, आणि आतेभाऊ खोटं बोलतोय म्हणूनही नाही, तो बोलतोय त्यातलं बरंच बरोबर आहे. पण तू टेस्टवर एवढं लिहिलंस आणि पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट शुगर आणि पोह्यांच्या मधे एका ओळीत कोंबून टाकलीस. त्यावर येतेच.

मी डॉक्टर नाही हे नेहमीसारखं सांगून ठेवते. इंदूरमधे लॅबमधे ३१ वर्षं काढली, बायोकेमिस्ट्रीला, पाठीचं पाणी किती वेळा हातात घेतलं ते मोजलं नाही. स्वच्छ असलं तर अगदी नळाच्या पाण्यासारखं दिसतं ते. एकदा एका नर्सिंग होममधून (कुठलं ते विचारू नकोस) वॉर्डबॉय ती बाटली जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून तीन तासांनी घेऊन आला, गरम वरणाला टेकलेली, आणि वर म्हणतो मॅडम रिपोर्ट अर्जंट है. हे मुद्दाम सांगतेय, कारण न्यूरोफिलामेंटसारखी नाजूक मोजणी करायची तर पाणी नीट नळीत घ्यावं लागतं, वेळेत मशीनमधे गरगर फिरवावं लागतं, उणे ८० डिग्रीला ठेवावं लागतं, आणि त्यानंतरच आकड्याला अर्थ येतो. बॉस्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात ही सगळी साखळी बांधलेली असते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरवर "हो हो होतं" म्हणणाऱ्याला आधी विचारायचं की सँपल जाणार कुठे आणि कसं.

आता आईची भीती. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती हे पाणी असतं, मोठ्या माणसात साधारण १५० मिली, आणि दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवं तयार होत असतं. टेस्टला १०-१५ मिली काढलं तरी काही तासांत भरून येतं. सुई घालतात कंबरेत अगदी खाली, तिसऱ्या-चौथ्या नाहीतर चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे, आणि मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपलेला असतो. खाली फक्त नसांचा झुबका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, डॉक्टरी नावाचा अर्थही तोच आहे. जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरने १८९१ मधे हे सुरू केलं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. आईच्या माहेरचं जे कुणी होतं त्यांना बहुतेक आधीच काहीतरी मोठं झालेलं असणार, मेंदूज्वर, मणक्याचा टीबी, काहीही, त्याशिवाय त्या काळात कुणी पाणी काढायला जातंय होय. आजाराने माणूस बसला आणि नाव सुईचं झालं. आईशी वाद घालू नकोस, एवढंच सांग की सुई घालतात तिथे मज्जारज्जू नसतोच. डोकं मात्र दुखू शकतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. साध्या टोकदार सुईने शंभरात ११ जणांना दुखतं आणि बोथट टोकाच्या सुईने ४ जणांना, म्हणून कधी करायचीच वेळ आली तर बोथट सुई आहे का हे विचारायचं, लाजायचं नाही.

पण बाबांची खरी अडचण सुई नाहीये गं, स्टेंट आहे. रक्त पातळ करायची गोळी म्हणजे बहुतेक क्लोपिडोग्रेल असेल, पाकीट बघ. ती चालू असताना पाठीत सुई घातली तर आत रक्त साचून नसा दबायचा धोका असतो म्हणून साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करतात. आणि स्टेंट टाकून वर्षही झालेलं नसताना ती बंद केली तर स्टेंटमधे गाठ होऊ शकते. म्हणजे एका आकड्यासाठी हार्टशी खेळ. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी एक दिवससुद्धा कुणी थांबवायची नाही, आतेभाऊ म्हणाला तरी नाही. हे त्याला माहीत आहे का? मला वाटतं स्टेंटचं त्याला कुणी नीट सांगितलंच नसेल, सांगून बघ, अर्धं भांडण तिथेच संपेल.

बरं, हे न्यूरोफिलामेंट काय असतं. नसेची लांब तार असते ना, तिच्या आत स्लॅबमधल्या सळयांसारखे प्रोटीनचे धागे असतात, तेच न्यूरोफिलामेंट. नस तुटायला लागली की हे धागे बाहेर पडून पाण्यात येतात आणि थोडे रक्तात. एक हलकं, ज्याला लाइट चेन म्हणतात, एक जड, फॉस्फेट लागलेलं. एएलएसमधे दोन्ही चांगलेच वाढतात, कारण मोठ्या लांब नसा झपाट्याने तुटत असतात, आणि मानेच्या नुसत्या स्पॉन्डिलोसिसमधे सहसा एवढे वाढत नाहीत, म्हणून परदेशातले न्यूरॉलॉजिस्ट शंका असेल तिथे ते बघतात. इथपर्यंत आतेभाऊ बरोबर.

पण कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ पुलावर उभं राहून नदीत मलबा वाहताना दिसला तर वर कुठेतरी भिंत पडतेय एवढंच कळतं, कुणाची पडली ते कळत नाही. न्यूरोफिलामेंट असंच आहे. स्ट्रोक झाला, डोक्याला मार लागला, मल्टिपल स्क्लेरोसिस असला, पुढच्या मेंदूचा डिमेन्शिया असला तरी वाढतं. नुसतं वय वाढलं तरी वाढतं. आणि प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, या लॅबचा आकडा त्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवताच येत नाही. म्हणून या एकट्या टेस्टने एएलएस "कन्फर्म" होत नाही, पाण्याने नाही, रक्ताने नाही, कशानेच एकट्याने नाही. २०१९ मधे ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला जगभरचे तज्ज्ञ बसले, निदानाचे निकष सोपे केले, त्यात आहे काय, तर अशक्तपणा वाढत चाललेला असणं, डॉक्टरांच्या तपासणीत आणि ईएमजीत वरच्या (मेंदूतून मज्जारज्जूत येणाऱ्या) आणि खालच्या (तिथून स्नायूंकडे जाणाऱ्या) मोटर नसांच्या खुणा दिसणं, आणि दुसरे आजार नाहीत हे बघितलेलं असणं. पाण्यातला आकडा त्यात नाहीच. तुमच्या डॉक्टरांनी हातोडी मारून, सुया टोचून, एमआरआय बघून सांगितलंय, त्याला अंदाज म्हणायचं असेल तर बॉस्टनलाही असाच अंदाज करतात.

शंका विचारायची असेल तर एकच विचार, एनसीव्हीत कुठे कन्डक्शन ब्लॉक, म्हणजे नसेतून जाणारा संदेश मधेच अडलेला, दिसला होता का. कारण मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी नावाचा एक आजार असाच हातापासून सुरू होतो, दिसतो अगदी असाच, आणि त्याला इम्युनोग्लोब्युलिनचा उपाय आहे, तो सुटून जायला नको. डॉक्टरांनी बघितलंच असेल, तरी तोंडाने ऐकलं की घरातल्यांना बरं वाटतं. आणि उद्या डॉक्टर स्वतः म्हणाले की मला इन्फेक्शन नाहीतर सूज वगळायची आहे म्हणून पाणी काढायचंय, तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा गोळीचं बघून जरूर काढा, मी आडवी येणार नाही.

आणि आकडा बघायचाच असेल तर आता रक्तातही मिळतो. एकेक रेणू मोजण्याइतकी बारीक मशीनं आलीत, पाण्याच्या तुलनेत रक्तात फारच थोडं न्यूरोफिलामेंट असतं तरी ते मोजता येतं आणि एएलएसमधे पाण्यातल्या आकड्याशी बऱ्यापैकी जुळतं. किडनी कमजोर असली तर रक्तातला आकडा उगाच जास्त येतो, वजन जास्त असलं तर कमी येतो, एवढं लक्षात ठेवायचं. म्हणजे पाठीत सुई, स्टेंटची गोळी, आईचं रडणं यातलं काही न करताही आतेभावाचं समाधान होऊ शकतं. तो पुढे कायटोट्रायोसिडेज वगैरे काढेलच, तेही असतं, मेंदूतल्या चिडलेल्या पेशी सोडतात आणि एएलएसमधे वाढतं, पण काही लोकांत ते एन्झाइम जन्मापासून बनतच नाही, त्यांचा आकडा शून्य, मग काय आजार नाही म्हणायचं? टीडीपी-४३ नावाचं प्रोटीन म्हणशील तर बहुतेक सगळ्या एएलएसमधे नसांच्या पेशीत त्याचेच गोळे सापडतात, २००६ पासून माहीत आहे, पण पाण्यात ते नीट पकडायचं काम अजून संशोधनातच चाललंय.

आता समज केली टेस्ट आणि आकडा मोठा आला, तर? मोठा आकडा म्हणजे साधारण आजार वेगाने जाणारा, छोटा म्हणजे हळू, तेही सरासरीने, बाबांचं एकट्याचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं. मोठा आला तर रिलुझोल बदलणार नाही, छोटा आला तर बंद होणार नाही. वेग बघायचा तर फुकट उपाय आहे, डॉक्टरांकडे १२ प्रश्नांचा एक स्कोअर असतो, बोलणं, गिळणं, लिहिणं, जिना चढणं, श्वास, प्रत्येकाला ४ मार्क, एकूण ४८. तो दर महिन्याला कॅलेंडरवर लिहून ठेव. तीन-चार महिन्यांत उतार दिसतो, आणि तो बाबांचा स्वतःचा असतो.

आता आजोबा.

लकवा एका दिवसात येतो गं, बहुतेक एका बाजूला. सकाळी उठले आणि हात हलेना, तो लकवा. हात-पाय वाळत वाळत जाणं हा लकवा नाही. त्या काळी ग्वाल्हेरला काय, मुंबईलाही कितीतरी लोकांना असंच काहीतरी नाव देऊन घरी पाठवत असत. दुसरं काही असेलही, मी छातीठोक सांगत नाही, पण बाप पन्नाशीत हात-पाय वाळून गेला आणि मुलाला साठीत एएलएस, ही ओळ न्यूरॉलॉजिस्टच्या कागदावर असायलाच हवी होती. आहे का? मला वाटतं नाही, कारण तू मलाच ती अशी चोरून सांगितलीस.

एएलएसच्या दहातल्या साधारण एका पेशंटच्या घरात आधी कुणाला तरी झालेलं असतं. त्यातले बरेच जीन आता माहीत आहेत, एसओडी१ १९९३ मधे सापडला, सी९ओआरएफ७२ २०११ मधे, शिवाय एफयूएस, टीएआरडीबीपी असे बाकीचे. आणि आशियातल्या अशा घरांत सगळ्यात जास्त सापडतो तो एसओडी१. याची टेस्ट साध्या रक्ताची, हातातून काढलेल्या, ना सुई पाठीत ना गोळी बंद. आता तर घरात कुणाला नसलं तरी प्रत्येक एएलएस पेशंटला जीन टेस्टचा पर्याय द्यावा असं तज्ज्ञ म्हणतात, मग तुमच्या घरात तर विचारायलाच हवं. एक बारीक गोष्ट, सी९ओआरएफ७२ म्हणजे सी९ वाला दोष नेहमीच्या जीन पॅनेलमधे (बरेच जीन एकदम बघणाऱ्या टेस्टमधे) बऱ्याचदा पकडला जात नाही, त्याची वेगळ्या पद्धतीने टेस्ट असते, तेव्हा पॅनेल निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही, सी९ वेगळं बघितलं का हे विचारायचं.

आणि एसओडी१ साठीच एक औषध आलंय, टोफर्सन. अमेरिकेत २५ एप्रिल २०२३ ला त्याला परवानगी मिळाली, आणि ती कशावर मिळाली माहीत आहे का, न्यूरोफिलामेंटवरच! १०८ पेशंटांवर ट्रायल झाली, २८ आठवड्यांत त्याच ४८ मार्कांच्या स्कोअरमधे म्हणावा तसा फरक सिद्ध झाला नाही, पण औषध घेणाऱ्यांच्या रक्तातलं न्यूरोफिलामेंट निम्म्याहून जास्त खाली गेलं, आणि त्या आधारावर सरकारने सशर्त हो म्हटलं. तेव्हा आतेभाऊ त्या टेस्टच्या मागे लागलाय तो वेडा म्हणून नाही, संशोधनात तिने खरंच दार उघडलंय. फक्त ते दार एसओडी१ वाल्यांसाठी उघडलंय, आणि सगळ्या एएलएसमधे ते साधारण शंभरात २ जण. औषध अतिशय महाग आहे, आणि द्यायचं कसं तर पाठीतच, सुरुवातीला दोन-दोन आठवड्यांनी तीनदा, मग दर २८ दिवसांनी. म्हणजे आईची सुई तेव्हा येईल कदाचित, पण तेव्हा तिचं कारण असेल, आणि हार्टवाले आणि न्यूरोवाले बसून गोळीचं ठरवतील. आशा फार वाढवू नकोस. जीन सापडलाच नाही असंही होईल.

आत्याला फोन कर. आतेभावाला नाही, आत्याला. आजोबांचं आधी काय गेलं, हात की बोलणं की गिळणं, किती दिवस चाललं, महिने की वर्षं, कुठल्या साली, जुन्या ट्रंकेत काही कागद असतील तर. आजोबांच्या भावाबहिणींत कुणाला झालं होतं का, आणि कुणी पन्नाशी-साठीतच विचित्र वागायला लागलं होतं का, कारण सी९ मधे तसंही होतं. हळू विचार. आत्या पण त्याच आजोबांची मुलगी आहे ना.

आणि म्हणूनच मला आतेभावाचे रोजचे फोन थोडे वेगळे ऐकू येतात. तोही त्यांचाच नातू. तो शिकलेला आहे, बॉस्टनला आहे, हे गणित त्याने केलं नसेल असं मला वाटत नाही. मामाच्या पाठीच्या पाण्याबद्दल एवढा हट्ट करणाऱ्याच्या मनात स्वतःच्या आईचं चाललं असेल. चूकही असेन मी. पण पुढच्या फोनला "तू डॉक्टर आहेस का" असं तोडण्याऐवजी "आजोबांचं तुला काय माहीत आहे" असं विचारून बघ.

तुझ्याबद्दलही बोलावं लागेल, तू विचारलं नाहीस तरी. हे जीन बहुतेक असे असतात की बापाकडे असला तर प्रत्येक मुलाकडे यायची शक्यता अर्धी-अर्धी. असला तरी आजार होईलच असं नाही, आणि होईल तर कधी हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून क्रम उलटा करू नका, आधी बाबांची टेस्ट, त्यात काही निघालं तरच तुमचा प्रश्न. आणि तेव्हाही आधी जेनेटिक काउन्सेलरकडे किंवा हे नीट समजावणाऱ्या डॉक्टरकडे बसून, लग्न, मुलं, इन्शुरन्स सगळं बोलून मगच. कळून घ्यायचं नाही असं ठरवलंस तर तेही तुझं, आणि भाऊ असेल तर त्याचं वेगळं. ऑनलाइन किट मागवून रात्री एकटीने रिपोर्ट उघडायचा नाही, एवढं मला कबूल कर. बाबांनाही टेस्ट कशासाठी ते सांगूनच करायची. बँकेत उभा जन्म काढलेला माणूस आहे, कागदावर सही कशाची हे विचारणारच. मुलांना आपल्यामुळे काही होईल का हा विचार त्यांच्या डोक्यात येईल, त्यावेळी तू जवळ असलेली बरी.

मधल्या काकांच्या स्टेम सेलवर माझं मत तिखट आहे, ऐकून घे. आयसीएमआरचे, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे, २०१७ चे नियम स्पष्ट आहेत, रक्ताच्या काही आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमधे, आणि ट्रायलमधे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. जो लाखांत पॅकेज सांगतो तो ट्रायल करत नाहीये, बात खतम. आणि गंमत बघ, हे लोक ते इंजेक्शन बऱ्याचदा देतात पाठीतच. टेस्टला सुई नको आणि फसवणुकीला चालेल, हे काकांना चहा देताना सांग.

मग करायचं काय. रिलुझोलचं आधी बघू, ५० मिलीग्राम दोनदा, रिकाम्या पोटी म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तास, आणि लिव्हरची रक्त टेस्ट पहिले तीन महिने दर महिन्याला. त्याने आजार थांबत नाही, ट्रायलमधे आयुष्य दोन-तीन महिने वाढलेलं दिसलं, खोटं कशाला सांगू. त्याच्यापेक्षा श्वासाचं मशीन वेळेवर लावण्याचा फायदा मोठा दिसलाय, ज्यांचं बोलणं-गिळणं फार बिघडलेलं नाही त्यांना बायपॅपने साधारण सात महिने मिळाले एका चांगल्या अभ्यासात. आणि त्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोलत नाहीये, सगळे पाठीच्या पाण्यावर भांडतायत. डॉक्टरांना सांगून फुफ्फुसाची फुंकायची टेस्ट आत्ता करून घ्या, मग दर तीन महिन्यांनी. सकाळी डोकं जड, आडवं झोपलं की गुदमरणं, उशा वाढवाव्या लागणं, रात्री सारखं दचकून उठणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. एमवाय हॉस्पिटलमधे नाहीतर जिथे दाखवताय तिथे विचारा, आणि एकदा दुसरं मत हवंच असेल तर बेंगळुरूला निम्हान्समधे दाखवा, तिथे या आजाराचं क्लिनिक आहे, तो प्रवासखर्च मला पाण्याच्या टेस्टपेक्षा जास्त पटतो. जाताना ईएमजीचे ग्राफ आणि एमआरआयची सीडी न्यायची, नुसता रिपोर्टचा कागद नाही. अपंगत्वाच्या कार्डाचं कामही आत्ताच सुरू कर, यूडीआयडी, बाबांना रांगेत उभं राहता येतंय तोवर. आणि वजन दर रविवारी. हार्टवाल्यांनी तूप-साय बंद केलं असेल तर न्यूरोवाल्यांना विचार की आता काय, कारण या आजारात वजन उतरू न देणं महत्त्वाचं असतं आणि दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत, ते तुलाच करावं लागतं.

पोह्यांचं. बंद करू नकोस लगेच. ठसका लागतोय हे मात्र डॉक्टरांना या आठवड्यातच सांग, गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट करतात ती. पोटात नळी घालायची वेळ कधी आलीच तर ती श्वास बरा असतानाच घालावी लागते, म्हणून हे लवकर कळलेलं बरं. तोपर्यंत ठेल्यावरचे कोरडे पोहे आणि वर मूठभर शेव हे नको, दाणा आणि शेव घशात नेमके चुकीच्या रस्त्याने जातात. घरी कर, जाड पोहे जास्त भिजवून, मऊ, दाणे न घालता, वर घट्ट दही. ताठ बसवायचं, टीव्ही बंद, छोटा घास, गिळताना हनुवटी जराशी खाली, आणि घास तोंडात असताना कुणी त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. पाण्याचा ठसका जास्त लागत असेल तर तेही सांग डॉक्टरांना, पातळ गोष्टीच जास्त फसवतात. जिलेबी चुरून घट्ट रबडीत कालव, पार मऊ होऊ दे, दुधात नको, दूध आधी घशात जातं आणि तुकडा मागे राहतो. सराफ्यातली रबडी चालेल, पण पिस्त्याचे काप आधी वेचून काढ.